बळावलेला प्रोस्टेट कॅन्सर आणि पत्नीची सोबत : चर्चा कुठवर आली?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर सोडलं की नारायणगावच्या अलीकडे घोड नदीकाठी कळंब लागतं. ऊस, कांदा, तरकारी आणि दूध यांवर चालणारं आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. इथल्या सत्तरीच्या शेतकऱ्याची कंबर धरली किंवा रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागलं, तर कुणाला नवल वाटत नाही. आयुष्यभर ओझी उचलली, आता वय झालं, असं म्हणून मलम चोळलं जातं. प्रोस्टेटचा कॅन्सर गावाकडे बऱ्याचदा असाच येतो. दुखण्याचं मूळ कॅन्सर हाडात उतरण्यात आहे, हे कळेपर्यंत तो मुळातून बरा करण्याची वेळ टळलेली असते. तिथून पुढची दोन, पाच, कधी त्याहूनही जास्त वर्षं औषधांवर काढायची असतात.

ती वर्षं त्याच्याबरोबर काढते ती बहुतेक घरांत त्याची बायको. तीही साठीच्या आसपासची, गुडघे कुरकुरणारी, कदाचित साखरेची गोळी घेणारी. तिने नेमकं काय करावं, तिला कोणी काय सांगावं, तिचं स्वतःचं काय, यावर जगभरात गेली तीस वर्षं अभ्यास आणि वाद सुरू आहेत. त्यातलं किती आपल्याकडे लागू पडतं आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

आजार किती आणि उशीर का

जागतिक कर्करोग नोंदींनुसार २०२२ मध्ये भारतात प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळले. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान वाटतो. पण शहरी नोंदी वेगळं चित्र दाखवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय आढाव्यानुसार दिल्ली, कोलकाता आणि तिरुवनंतपुरमप्रमाणेच पुण्यातही पुरुषांच्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेट दुसऱ्या क्रमांकावर होता. याउलट बार्शीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत याचं प्रमाण खूपच कमी दिसत आलं आहे. खेड्यात हा आजार खरोखर कमी आहे, की तपासणीच होत नसल्याने तो नोंदीत येत नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज मांडला की जगातले वार्षिक नवे रुग्ण २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील, आणि वाढीचा मोठा भार कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर पडेल. माणसं जास्त जगू लागली, हे त्याचं मुख्य कारण.

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरचा समावेश आहे, प्रोस्टेटचा नाही. सरसकट पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करावी का, हा वाद पाश्चात्त्य देशांतही मिटलेला नाही, कारण तिच्यामुळे कधीच त्रास न देणाऱ्या गाठींवरही उपचार होतात. त्या वादात इथे शिरायला नको. कळंबच्या जोडप्यासाठी त्याचा परिणाम एवढाच, की निदान बहुधा दुखणं अंगावर आल्यावरच होतं.

ऑपरेशन, इंजेक्शन की गोळ्या

या उपचारांचा पाया १९४१ चा आहे. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की वृषण काढले, म्हणजे शरीरातलं टेस्टोस्टेरॉन घटवलं, की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आक्रसतो. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ मध्ये नोबेल मिळालं. पुढे हेच टेस्टोस्टेरॉन औषधाने घटवणारी, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं आली. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात ऑपरेशन आणि इंजेक्शन साधारण सारखीच. फरक आहे तो खर्चाचा, फेऱ्यांचा आणि मनाचा. ऑपरेशन एकदाच होतं आणि स्वस्त पडतं, पण ते परत फिरवता येत नाही. इंजेक्शन थांबवता येतं, मात्र त्यासाठी पैसे आणि दवाखान्याच्या वाऱ्या चालू ठेवाव्या लागतात. परदेशात ऑपरेशन जवळपास मागे पडलं. भारतात ते अजून टिकून आहे. त्याच्या बाजूने बोलणारे डॉक्टर म्हणतात, औषध अर्धवट सुटण्यापेक्षा हे बरं. विरोधात बोलणारे म्हणतात, गरिबीमुळे केलेल्या निवडीला निवड कसं म्हणायचं? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. या चर्चेत बायकोला मात्र क्वचितच बसवलं जातं. मुलगा डॉक्टरांशी बोलतो, नवरा मान हलवतो, आणि ती बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेली असते.

गेल्या वीस वर्षांत चित्र झपाट्याने बदललं. २००४ मध्ये डोसेटॅक्सेल, २०११ मध्ये अबिराटेरोन, २०१२ मध्ये एन्झालुटामाइड अशी औषधं अमेरिकेत मंजूर होत गेली. २०१६ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने एन्झालुटामाइडच्या पेटंटचा अर्ज फेटाळला. अबिराटेरोन २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. देशी कंपन्यांच्या गोळ्यांमुळे ही औषधं आता मध्यमवर्गाच्या, आणि ओढाताण करून शेतकऱ्याच्याही आवाक्यात येऊ लागली आहेत. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होणाऱ्या ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी द्रव्यावर आधारित उपचार हा त्यापुढचा, अजून महागडा टप्पा.

‘लॅटिट्यूड’ नावाच्या मोठ्या चाचणीत, कॅन्सर पसरलेल्या आणि धोका जास्त असलेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान नुसत्या हार्मोन-उपचारावर ३६.५ महिने होतं. अबिराटेरोन जोडल्यावर ते ५३.३ महिने झालं. हा आकडा नेहमी रुग्णाच्या बाजूने वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण सांभाळण्याची वर्षंही तेवढीच वाढली, हे त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

औषधाच्या मात्रेवरचा एक वाद तर थेट स्वयंपाकघरात येतो. अबिराटेरोनच्या २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या, असा मूळ नियम. अन्नाबरोबर हे औषध कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून शिकागोच्या रसेल स्झ्मुलेवित्झ यांच्या गटाने ७२ रुग्णांवर एकच गोळी कमी तेलातुपाच्या न्याहारीसोबत देऊन पाहिली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात पीएसएवरचा परिणाम तुल्यबळ दिसला. भारतात खर्चापायी अनेक डॉक्टर ही पद्धत वापरतात. आयुर्मानावरही परिणाम तेवढाच होतो का, हे सांगण्याइतका पुरावा त्या छोट्या अभ्यासात नव्हता. घरात याचा अर्थ असा, की गोळी उपाशीपोटी द्यायची की खाण्यासोबत, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावं लागतं, आणि ते समजून घ्यायला हवं न्याहारी करणाऱ्या व्यक्तीने.

संशोधकांचं लक्ष बायकोकडे कधी गेलं

१९९४ मध्ये अॅलिस कॉर्नब्लिथ आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेट कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या जोडीदारांना एकाच वेळी प्रश्न विचारले. रुग्णांपेक्षा बायकांचा मानसिक त्रास जास्त निघाला. त्या बायकांना मात्र नवऱ्याचाच त्रास मोठा वाटत होता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेरेमी कूपर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही सूर तोच होता. पुरुषांचं लक्ष लघवी आणि लैंगिक तक्रारींवर असतं, बायकांच्या मनात पुढे काय होणार याची भीती घर करते, आणि अनेक पुरुष मन मोकळं करतात ते फक्त बायकोजवळ.

मग उपाय काय? इथे दोन प्रवाह आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या लॉरेल नॉर्टहाऊस यांनी परिचारिका घरी पाठवून, फोन करून, जोडप्याला एकत्र शिकवण्याचा कार्यक्रम आखला. अडीचशेच्या आसपास जोडप्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. रुग्णांना थोडा फायदा झाला, बायकांना बराच जास्त: निराशा कमी, अनिश्चितता कमी, आपण हे निभावू शकतो हा विश्वास जास्त. दुसरीकडे शॅरन मॅन यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून दिसलं की जोडप्याला बोलतं करण्याचा फायदा ज्यांचा त्रास मुळात जास्त आहे त्यांना होतो. बाकीच्यांना फारसा नाही. सगळ्यांना समुपदेशन द्यायचं की गरज ओळखून निवडकांना, हा प्रश्न तिथे अजून लोंबकळतो आहे.

सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या प्रकृतीबद्दलही मतं बदलत गेली. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वयस्कर जोडीदारांच्या चार वर्षांच्या पाहणीतून मांडलं की सांभाळण्याचा ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. हा आकडा जगभर गाजला. २०१३ मध्ये डेव्हिड रॉथ यांच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात उलटं आढळलं: घरच्यांची काळजी घेणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी. विसंगती वाटते तितकी नाही. पहिल्या अभ्यासात धोका ताण जाणवणाऱ्यांत होता. आपल्या माणसाचं करणं हे स्वतः घातक नाही. एकटीने, मदतीशिवाय, सुट्टीशिवाय करत राहणं घातक असू शकतं.

यातला एकही अभ्यास एकत्र कुटुंबातला, शेतावरचा किंवा मराठी बोलणाऱ्या बायकांचा नाही, ही मोठी उणीव आहे. सून, लेक, जाऊ हाताशी असताना ताण वाटला जातो, की पाहुण्यांच्या चहापाण्याने वाढतो, हे इथे कुणीतरी मोजायला हवं.

ज्यावर बोललं जात नाही

टेस्टोस्टेरॉन घटवल्यावर कामेच्छा जवळपास संपते. स्नायू गळतात, पोट सुटतं, छाती भरल्यासारखी होते, हाडं ठिसूळ होतात. अंगातून एकदम वाफा निघतात आणि घाम फुटतो. पाळी जाताना बायकोने हेच सोसलेलं असतं, बहुधा कुणाला न सांगता. नवऱ्याला ‘याला घाबरायचं नसतं’ असं सांगू शकणारी घरातली ती एकमेव व्यक्ती असते, आणि डॉक्टरांनी लक्षणं आधी समजावली असतील तरच तिला ते सांगता येतं. नाहीतर त्याचं चिडणं, रडू येणं, दिवसभर पडून राहणं यांचा दोष ती स्वतःकडे घेते. यातल्या थकव्यावर आणि स्नायूंच्या झिजेवर वजन उचलण्याच्या नियमित व्यायामाचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांतून पुढे आलं आहे. हाडात कॅन्सर असेल तर कोणता व्यायाम चालेल, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागतं.

इंजेक्शनं काही काळ थांबवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय जोडप्यांना आकर्षक वाटतो, कारण मधल्या काळात उत्साह थोडा परततो. १,५३५ रुग्णांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जगण्याचा दर्जा सुरुवातीला किंचित सुधारला. पण आयुष्य तेवढंच राहतं हे सिद्ध झालं नाही. म्हणून पसरलेल्या आजारात बहुतेक डॉक्टर सलग उपचारांकडे झुकतात.

शरीरसंबंधांबाबत तज्ज्ञांचे दोन गट आहेत. एक म्हणतो, विषय सुरुवातीलाच जोडप्यासमोर काढावा. कॅनडातले प्राध्यापक रिचर्ड वासरसग हे स्वतः टेस्टोस्टेरॉन घटवण्याचा उपचार घेणारे संशोधक. त्यांनी सहकाऱ्यांसोबत २०१४ मध्ये रुग्ण आणि जोडीदारांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. स्पर्श, जवळीक, एकत्र झोपणं या गोष्टी संभोगाबरोबर संपू नयेत, असं या विचाराचे लोक सांगतात. दुसरा गट सावध करतो: सगळ्या जोडप्यांना ही उणीव सारखी बोचत नाही, आणि विचारण्याच्या पद्धतीने लाजच वाढू शकते. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने बोलणारं मासिक चालवत होते. त्या भाषेत आज सत्तरीच्या जोडप्याशी या विषयावर बोलण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी नाही, याची खंत वाटते. विषय बंद राहिला की नवरा आधी पाठ फिरवून झोपू लागतो, मग खाट ओसरीवर हलवतो. बायकोला त्याचा अर्थ नाराजी वाटतो.

त्याला सांगायचं का?

‘त्यांना सांगू नका, धसका घेतील.’ डॉक्टरांच्या केबिनबाहेर मुलं हे वाक्य बोलतात, आणि तिथून बायकोचं नाटक सुरू होतं.

लपवणं ही फक्त आपल्याकडची रीत नव्हे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्राँस्वा मितराँ यांना १९८१ मध्ये, निवडून आल्यावर काही महिन्यांतच, हाडांत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आढळला. देशाला ते १९९२ मध्ये कळलं. याउलट जो बायडेन यांच्या हाडांपर्यंत गेलेल्या प्रोस्टेट कॅन्सरची घोषणा मे २०२५ मध्ये निदानानंतर काही दिवसांतच झाली. मधल्या काळात पाश्चात्त्य वैद्यकाने रुग्णाला सांगणं हा नियम मानला. भारतीय उपशामक-सेवेतल्या, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या सेवेतल्या जाणकारांची भूमिका अधिक मऊ आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे संतोष चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या लेखात मांडलं, की नातेवाइकांचं लपवणं हे प्रेमातून येतं; त्यांना खोटं पाडण्याऐवजी आधी त्यांची भीती ऐकावी आणि हळूहळू दार उघडावं.

न सांगण्याच्या बाजूचे म्हणतात, माणूस उमेद धरून आहे, ती का मोडायची? सांगण्याच्या बाजूचे म्हणतात, त्याला व्यवहार उरकायचे असतात, कुणाला भेटायचं असतं, आणि अनेकदा त्याला कळलेलंच असतं. लपवणाऱ्या बायकोवर काय गुजरतं, याचं उत्तर शोधताना जेम्स कॉइन यांच्या नव्वदच्या दशकातल्या कामाकडे बघावं लागतं. हृदयविकाराच्या रुग्णांच्या बायकांत त्यांना दिसलं, की काळजी लपवण्याने नवऱ्याचा आत्मविश्वास टिकायला मदत झाली असेल, पण लपवणारीचा त्रास वाढला. हा हिशेब मांडताना मुलांनी आईला मोजलेलं नसतं.

शेत, पैसा, सात-बारा

२०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालेली राज्याची योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. दवाखान्यातले मोठे खर्च त्यातून निघतात. चाचण्या, गाडीभाडं, बुडालेली मजुरी खिशातून जाते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ असलं तरी कॅन्सरच्या खास उपचारांसाठी पुणे किंवा मुंबईचं टाटा गाठावं लागतं. पुण्याची एक वारी म्हणजे अख्खा दिवस, आणि धारेची वेळ मागे ढकलता येत नाही.

शेतात नवऱ्याची जागा तीच भरते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की उसाला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे. मुलगा चाकणच्या कंपनीत पाळीवर असेल तर बॅटरी घेऊन तीच निघते. सांभाळण्याच्या ओझ्यावर एवढी संशोधनं झाली, त्यांच्या प्रश्नावलीत हा रकाना नाही.

जमीन बहुधा त्याच्या नावावर असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकोचं नाव सात-बारावर लावण्याची चळवळ केली आणि १९९२ मध्ये सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढलं. वाट उपलब्ध असूनही थोड्याच घरांनी ती धरली. सोसायटीचं कर्ज, कारखान्याचे शेअर्स, बँकेतलं वारसनाव या गोष्टी तो सही करू शकतो तोवर मार्गी लावाव्यात, असं आरोग्य क्षेत्रातले समाजसेवक आवर्जून सांगतात. हे बोलणं बायकोने काढलं तर भावकीत भलता अर्थ निघतो. म्हणूनच ते डॉक्टरांनी किंवा समाजसेवकाने काढावं, ही सूचना व्यवहार्य वाटते.

दुखणं आणि शेवटचे महिने

एक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. कंबरेचं दुखणं एकाएकी वाढलं, पायांतली ताकद गेली, लघवी अडकली किंवा कमरेखाली बधिर वाटू लागलं, तर कॅन्सरने मज्जारज्जू दाबला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठला तर पाय वाचू शकतात. ओट्यावरून उठताना तो अडखळला हे सर्वांत आधी बायकोला दिसतं. निदानाच्या दिवशीच तिला हे सांगून ठेवायला हवं.

वेदनांसाठी मॉर्फिन स्वस्त आणि परिणामकारक आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातल्या किचकट परवान्यांमुळे ते दुर्मीळ झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. सवय लागेल ही भीती घरांत अजून आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये उपशामक सेवेचं धोरण आणलं, केरळनंतर चार वर्षांनी. केरळात पंचायती आणि स्वयंसेवक मिळून परिचारिकेला घरोघर नेतात. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं उपशामक केंद्र विनामूल्य चालतं. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि जखम बांधणं, कूस बदलणं, औषधं देणं शिकून घरी परततं.

शेवट घरी व्हावा की दवाखान्यात? घरी, आपल्या माणसांत, असं बहुतेक वृद्ध सांगतात. पण रात्री दोनला वेदना असह्य झाल्या तर फोन कुणाला करायचा, याचं उत्तर नसेल तर तीच इच्छा बायकोवर भार होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. व्हेंटिलेटर नको, हा निर्णय त्याने आधी लिहून ठेवला तर तो घेतल्याचा ठपका तिच्यावर येत नाही.

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये उपशामक सेवा कागदावर आहे, आशा स्वयंसेविका गावात आहेतच. कळंबसारख्या गावात आशाताईने महिन्यातून एकदा त्या घरी जावं, रुग्णाबरोबर बायकोचाही रक्तदाब आणि साखर तपासावी, तिला झोप लागते का हे विचारावं आणि उत्तर वहीत लिहावं, असा प्रयोग करायला फार पैसा लागणार नाही. तो करून पाहिल्यावर त्याचा गुण येतो का, आणि आधीच वाकलेल्या आशांनी तो कुठल्या मानधनावर करायचा, हे दोन्ही प्रश्न उघडे आहेत.